आवळखारचा मनोआह

आवळखारच्या धक्क्यावर उतरलात की डाव्या हाताला तेलाच्या घाण्याची एक काळी दगडी उखळ दिसते. कमरेएवढी उंच, तोंड आभाळाकडे, आत साचलेले पाणी आणि उंबराची कुजलेली पाने. घाणे होते ते गावात, धक्क्यापासून चांगले दोन हाकांवर. मग ही उखळ पाण्याच्या काठाला काय करते, असे नवा माणूस विचारतोच. धक्का बांधायला आलेल्या ठेकेदारानेही विचारले होते, कारण त्याला ती हलवायची होती. गावाने उखळ हलू दिली नाही, धक्काच चार हात सरकवायला लावला. म्हणून तो आज वाकडा आहे.

दुसरी गोष्ट बघायची तर शनिवारी यावे लागते. संध्याकाळी आभाळात तीन तारे उमटले की तरीवरचा कोळी आपली होडी रिकामीच खाडीपलीकडे तळबंदरला नेतो आणि रिकामीच परत आणतो. त्या खेपेला तो कोणालाही घेत नाही. एकदा म्हणे एक तहसीलदार काठावर ताटकळले होते. त्यांनाही त्याने हात जोडून सांगितले, "पुढच्या खेपेला नेतो साहेब, ही खेप तुमची नाय."

आणि तिसरी गोष्ट आहे एक नाव. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणत ते यहुदी, त्यांच्यात अब्राहाम, सालोमन, रूबेन अशी नावे गावोगाव सापडतील. मनोआह हे नाव मात्र आवळखार सोडून कुठे ऐकू येत नाही, आणि आवळखारातही एका पिढीत दोघातिघांनाच. सध्या एकच उरले आहेत. मनोआह आवळखारकर, वय अठ्ठ्याहत्तर, एसटीतून निवृत्त, बंद पडलेल्या सिनेगॉगची किल्ली सांभाळणारे. शाळेत गुरुजींनी त्यांचे नाव मनोहर लिहिले ते कायमचे. पेन्शनसुद्धा मनोहरलाच येते, असे काका स्वतःच हसून सांगतात. पाहुणे आले की ते त्या उखळीला टेकून उभे राहतात आणि जी हकिगत सांगतात ती अशी आहे.

आंग्र्यांचा अमल होता असे म्हणतात, कोणी त्याच्याही आधीचे सांगतात. गावात तेव्हा यहुद्यांची सोळा घरे होती. यांचे पूर्वज फार जुन्या काळी जहाज फुटून या किनाऱ्याला लागले, आणि त्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या म्हणे. तोंडपाठ होते तेवढेच वाचले. प्रार्थनेची एक ओळ, शनिवारचा विसावा, आठव्या दिवसाची सुंता आणि मूठभर नावे. जे वाचले ते या लोकांनी छातीशी घट्ट धरले. पण कुठला नियम कधी सैल सोडायचा, हे सांगणारी पोथीच नव्हती आणि माणूसही नव्हता.

मुलगा झाला की आठव्या दिवशी काजी, म्हणजे त्यांचे धर्मविधी करणारा यहुदीच, यायचा, सुंता करायचा आणि मुलाच्या कानात नाव सांगायचा. तोवर मुलाला नाव नसे. बाप मनात ठरवून ठेवी, पण उच्चारत नसे. नाव पहिल्यांदा निघायचे ते काजीच्याच तोंडून. बिननावाच्या माणसाला शेवटच्या दिवशी देव कुठल्या हाकेने उठवणार, अशी त्यांची समजूत होती, आणि तिची त्यांना फार धास्ती वाटे. आठवा दिवस शनिवारीच आला तर? तर आवळखारात शनिवारी सुंतेचे पाते उचलत नसत, सुंता रविवारी करत. एका दिवसाने काय होते, असे म्हणत ते पिढ्यान् पिढ्या चालले होते.

या गावात हसाजी तेली नावाचा माणूस होता. बोलायला कमी, नियमाला पक्का. शनिवार लागायचा तो शुक्रवारच्या सूर्यास्ताला, पण सूर्य चांगला कासराभर वर असतानाच हा बैल सोडून मोकळा व्हायचा. हसाजीचा शनिवार शुक्रवारी दुपारीच लागतो, अशी गाव त्याची थट्टा करी. लग्नाला सतरा वर्षे झाली होती. बायको सेगुलाबाई, तिची चार बाळंतपणे पोटातल्या पोटातच संपली होती. पाचव्या खेपेला एका शनिवारी सकाळी मुलगा झाला आणि चांगला खणखणीत रडला. तो आठवडाभर हसाजी घाण्यावर बैलाशी बोलत होता म्हणे. लोक कौतुकाने बघून जात.

मुलाचे नाव त्याने मनात ठरवले होते. आपल्या बापाचे, बन्नाजी. ते त्याने सेगुलाबाईलाही सांगितले नव्हते. काजी राहायचा पलीकडे, तळबंदरला. एलोजी काजी त्याचे नाव, अकरा गावांना मिळून तो एकटाच. त्याला निरोप गेला होता की आठवा दिवस शनिवारी पडतो, तेव्हा रविवारी सकाळी या.

आठव्या दिवशी सकाळी मूल अंगावर पिईना. दोन घटका गेल्या आणि त्याचे अंग तापले. घरात चूल पेटवायची नव्हती, शनिवार होता. शेजारच्या आगरी म्हातारीने आपल्या चुलीवर फडकी गरम करून आणली आणि पोट शेकले. दुपार व्हायच्या आत मूल रडायचेही थांबले. नुसते कण्हत राहिले. सुईणीने हात लावून पाहिला आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

सेगुलाबाई नवऱ्याला म्हणाली, "अवो, काजीबाबांना आणा. जगायचा तर जगेल, नाय तर निदान नाव तरी घेऊन जाईल माझं लेकरू."

हसाजी तरीवर धावला. तरीवर पोशा कोळी होता, त्याच्या वयाचा, लहानपणी एकत्र खेकडे धरलेला. पोशाने होडी पाण्यात लोटली आणि म्हणाला, "बस. तू कशाला हात लावू नको. वल्ही मी मारतो, दोर मी धरतो. तू नुसता बस."

हसाजी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. शनिवारी पाण्यावर प्रवास करायचा नाही, हे त्याला बोलता यायच्या आधीपासून माहीत होते. पण पाय उचलेना तो तेवढ्यासाठी नाही. देवाच्या हातात आज आपले मूल आहे, आणि आजच आपण त्याचा दिवस मोडला तर तो ते देईल कशाला, असे त्याच्या मनात आले. मोडला तर मूल जाईल, नाही मोडला तर मूल बिननावाचे जाईल. तो होडीच्या कडेवर हात ठेवून उभाच राहिला. पोशाने तीनदा बस म्हटले. शेवटी पोशा एकटाच निघाला.

होडी परत आली तेव्हा रिकामी होती. "आयला नाय," पोशा म्हणाला. "तारे दिसल्याबिगर पाण्यावर पाय ठेवता येत नाय बोलतो. पन काठावर येऊन हुबा ऱ्हायलाय. ते बग."

पलीकडच्या काठावर खरेच एक पांढरा अंगरखा दिसत होता.

हसाजीने मग एक विचार केला. बापाचा जीव काय काय विचार करतो. तो पोशाला म्हणाला, "मग नाव तेवढं सांगून पाठवा म्हणावं. तू ऐक आणि ये. तुला तर शनिवार नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनातले नाव, बन्नाजी, पोशाच्या कानात सांगितले. पोशा पुन्हा गेला. काजीने ऐकून घेतले. "दुसऱ्याच्या तोंडून नाव पाठवता येत नाही रे," तो म्हणाला. "मूल मांडीवर लागतं, कान तोंडाशी लागतो. मला हे असंच शिकवलंय. मी काय करू, तूच सांग."  पोशा रिकामी होडी घेऊन परतला आणि पुन्हा तेच म्हणाला, "आयला नाय."

मग ती दुपार. हसाजी या काठाला, काजी त्या काठाला, मध्ये खाडी भरलेली. हाक पोचत नव्हती, पण माणूस दिसत होता. दोघे ऊन उतरेपर्यंत उभे होते, एकही बसला नाही, असे सांगतात. पोशा मधल्या पाण्यात वल्ही आडवी टाकून थांबला होता, कोणी नुसता हात वर केला असता तर त्या बाजूला जायला. घरून अधूनमधून कोणीतरी येई आणि अजून आहे एवढेच सांगून जाई.

दिवस मावळला. पोशाने होडी तळबंदरच्या काठाला लावली. पण तीन तारे दिसल्याखेरीज यहुद्यांचा शनिवार संपत नाही, आणि आभाळ ढगाळून आले होते. एक तारा दिसला, मग दुसरा दिसला. तिसरा दिसेना. ओहोटी लागलेली, पाणी होडीखालून निघून चाललेले. पोशा म्हणाला, "काजीबाबा, दिवस संपला. आता निघू. आनखी थांबलो तर पलीकडं होडी गाळात बसंल."

काजीची नजर म्हातारी झाली होती. तो मान वर करून म्हणाला, "मला नीट दिसत नाही. तुला दिसतो का तिसरा?"

आता इथे पोशाने हो म्हटले असते तर सगळे वेगळे झाले असते. ते त्यालाही कळत होते. पण दुसऱ्याच्या देवाच्या दारात खोटे बोललो तर ते त्या मुलालाच भोवेल, अशी त्याला भीती वाटली. तो खरे तेच बोलला. "दोनच दिसतात."

तिसरा तारा ढगातून निघेपर्यंत किती वेळ गेला ते कोणी मोजले नाही. दिसल्यावर पोशाने वल्ही मारली ती हातांची सालटी निघेपर्यंत. आवळखारच्या अलीकडे होडी गाळात रुतली. म्हातारा काजी सुंतेच्या सुरीची थैली डोक्यावर धरून मांडीभर गाळातून चालत निघाला, हसाजी समोरून त्याला ओढायला उतरला, आणि दोघे तसेच चिखलाने माखलेले घराच्या वाटेला लागले. वाटेतच त्यांना घरातले रडणे ऐकू आले.

सेगुलाबाई दारात बसली होती. मूल मांडीवर होते. काजी पुढे झाला. ती म्हणाली, "काजीबाबा, सांगा मला, याला कुठल्या नावानं रडू?"

त्या घरात पुढे कोणी काय केले, ते आवळखारात सांगत नाहीत. माती द्यायच्या वेळी काजीने हसाजीला विचारले की मनात होते तेच नाव ठेवू का. हसाजीने मान हलवली. बापाचे नाव मातीत घालायला त्याची जीभ वळेना. तेव्हा काजीने आपल्याजवळच्या मूठभर नावांतले एक नाव काढले, जे कोकणात कोणी ठेवत नसे. मनोआह. त्याचा अर्थ विसावा. काजीला ते त्याच्या आजाकडून मिळाले होते, आणि त्याबरोबर एवढीच गोष्ट, की फार पूर्वी मनोआह नावाच्या एका बापाने देवदूताला तुझे नाव काय म्हणून विचारले, आणि दूताने काही नाव सांगितले नाही. "याच्या बापानंही आज नावच मागितलं," काजी म्हणाला, "आणि आम्ही विसाव्याचा दिवस पाळत बसलो. आता तेच नाव याला. त्याला तरी विसावा मिळू दे." आणि त्याने ते त्या गार कानात सांगितले.

पुढे सहासात वर्षांनी कोचीकडून एक विद्वान यहुदी फिरत फिरत कोकणात आला. पोथ्या वाचलेला माणूस. आवळखारात तो महिनाभर राहिला, आणि रोज संध्याकाळी हसाजीच्याच अंगणात बसून लोकांना काय काय राहिले आहे ते शिकवू लागला. एके दिवशी सुंतेचा विषय निघाला. तो सहज म्हणाला, "आठवा दिवस शनिवारी आला तरी सुंता शनिवारीच करायची. त्या कामाला शनिवार आड येत नाही. काजीनं शुक्रवारीच गावात येऊन राहावं म्हणजे झालं. आणि जीव जात असेल तर मग कुठलाच नियम आड येत नाही."

अंगण गप्प झाले. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हते, त्याला वाटले आपले बोलणे समजले नाही, म्हणून त्याने ते पुन्हा एकदा सावकाश सांगितले. एलोजी काजी भिंतीला टेकून बसला होता. तो उठला आणि चाचपडत बाहेर निघून गेला. हसाजीने एकच विचारले.

"होडीत बसलो असतो तर चाललं असतं?"

"जिवासाठी? चाललं असतं की."

हसाजीने बरे म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने घाणा मोडला. उखळ उकरून गाडीवर घातली, तरीवर आणली, आणि त्या दिवशी जिथे पाण्यात पाय घालून उभा होता त्याच जागेच्या काठाला उतरवली. लोक म्हणाले, हसाजी, खुळा झालास, पोटाला काय करशील. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या घाण्यावर राबेन. हा आता नाही फिरणार." तो मरेपर्यंत दुसऱ्यांच्या घाण्यावरच राबला.

मग गावात पुन्हा एका शनिवारी मुलगा जन्मला. या वेळी काजी शुक्रवारी ऊन आहे तोवरच आला आणि बाळंतिणीच्या घरी त्याला अंथरूण घातले. आठव्या दिवशी, भर शनिवारी, सुंता झाली. मूल धरायला गावाने हसाजीला बसवले, आणि मुलाचा बाप म्हणाला, नाव हसाजीभाऊ सांगतील ते. सगळ्यांना वाटले, आता हा आपल्या बापाचे नाव, बन्नाजी, म्हणेल. हसाजी काजीच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, मनोआह. ते नाव काजीने पहिल्यांदा जिवंत कानात सांगितले, आणि मूल रडले. सेगुलाबाई आतल्या दाराशी उभी होती. पुढे तो मुलगा चालता झाला तेव्हा ती त्याला दिवसातून दहादा हाक मारायची म्हणे. तो धावत येऊन काय म्हणून विचारी. ती म्हणे, "काय नाय रे. हाक मारली."

तेव्हापासून आवळखारात ज्या मुलाचा आठवा दिवस शनिवारी येतो त्याचेच नाव मनोआह ठेवतात. मागून ते मिळत नाही. पोशाने मात्र स्वतःला क्षमा केली नाही. तारे मोजून खरे बोललो, याचेच त्याला वाईट वाटत राहिले. तिसरा तारा दिसला की दर शनिवारी तो होडी घेऊन तळबंदरला जायचा, कोणी बसत नसे, आणि परत यायचा. त्याच्यामागून त्याचा मुलगा जाऊ लागला.

इथवर हकिगत संपते. पाहुणे उखळीचे फोटो काढतात. काका मात्र हल्ली हकिगतीच्या पुढे आणखी थोडे बोलतात, आणि ते बोलणे पूर्वी नव्हते.

गावातली सोळा घरे कधीच रिकामी झाली. कोणी मुंबईला, बाकी सगळे इस्राएलला. लोद, अश्दोद, बीरशेबा अशी गावे काका बोटांवर सांगतात. आवळखारात शेवटची सुंता होऊन चव्वेचाळीस वर्षे झाली. गेल्या थंडीत लोदहून एक जोडपे आले होते, मुलीचे पणजोबा इथले. मुलीला सातवा महिना होता. तिने सगळी हकिगत ऐकली आणि मोडक्या मराठीत विचारले, मुलगा झाला तर हे नाव ठेवू का? काका म्हणाले, शनिवारी झाला तर ठेव, पोरी.

मुलगा झाला. तिने फोन केला, बुधवारी झाला म्हणाली, आणि पुन्हा विचारले. काकांनी नाही सांगितले. असा रिवाज नाही म्हणाले. मग आठवडाभर त्यांना जेवण गोड लागेना. "एलोजी काजीनं तिसरा तारा मागितला," ते पाहुण्यांना सांगतात, "मी शनिवार मागितला. एवढी वर्षं ही गोष्ट सांगतोय, आणि माझ्यावर आली तेव्हा मी तेच केलं." गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःहून फोन लावला, ठेव म्हणून सांगायला. आठवा दिवस आदल्या दिवशीच झाला होता. मुलाचे नाव पडले होते, चांगलेच होते, आणि मुलगी फोनवर आनंदात होती. काकांनी आशीर्वाद दिला आणि कशासाठी फोन केला ते सांगितले नाही.

आजही शनिवारी संध्याकाळी काका त्या उखळीपाशी येऊन उभे राहतात. आता तरीवर पोशाच्या वंशातला जनार्दन कोळी असतो. मोटर लावलेली होडी आहे त्याची, पण ही खेप तो वल्ह्यांनीच मारतो. तीन तारे दोघे मिळून मोजतात. जनार्दन होडी लोटतो आणि रिवाजाप्रमाणे विचारतो, "काका, कोनी हाय का?"

"कोणी नाही रे," काका म्हणतात. "ने तू."

होडी पलीकडे जाऊन परत येईपर्यंत काका बसत नाहीत. जनार्दन ती काठाला ओढून घेतो, दोर खुंटाला बांधतो आणि त्याच्या पणजोबांचेही पणजोबा म्हणाले होते तेच म्हणतो, "आयला नाय."

काका बरे म्हणतात, उखळीत पडलेली पाने हाताने काढून टाकतात आणि घराकडे चालू लागतात.